त्या वर्षी गुलाबाला कीड लागली नाही

फाल्गुनात रुक्मिणीबाईंच्या गुलाबावर एकही कीड उरली नव्हती. पानं कोरी, कळ्या कोऱ्या, दांड्यांवर मावा नाही, पाकळ्यांच्या कडा कुठे करपलेल्या नाहीत. नांदुऱ्याच्या त्या गल्लीत जो तो कुंपणाशी थांबे, वास घेई आणि म्हणे, बाईवर देवाची कृपा आहे. त्या वर्षी मधमाशाही नव्हत्या. पण जे नाही ते माणसाला उशिरा दिसतं. जे आहे त्यानंच डोळे भरून जातात. आणि त्या फाल्गुनात जे होतं, ते डोळ्यांत मावत नव्हतं.

गुलाब कलमी होता. रानगुलाबाच्या खुंटावर जातिवंत फांदीचा डोळा, म्हणजे कोंब, भरून केलेला. नर्सरीवाले ज्याला हायब्रीड टी म्हणतात, त्या जातीचा. एका दांड्यावर एकच कळी, लांब आणि निमुळती, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी. उमलताना बाहेरची पाकळी आधी मागे वळे. तिची पाठ गडद गुलाबी, पोट फिकं, आणि आतला गाभा मात्र दुपारपर्यंत मिटलेला. वास असा की सकाळी दार उघडलं की तो आधी आत येई, उजेड मागून. रुक्मिणीबाईंचे यजमान भगवानराव रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यांनीच हे रोप ऐन तारुण्यात अकोल्याहून आणलं, गार्डसाहेबाच्या डब्यात, मांडीवर धरून. नर्सरीवाल्यानं सांगितलेलं लांबलचक इंग्रजी नाव ते शेगाव येईपर्यंत विसरले. ‘टी’ एवढंच लक्षात राहिलं. शेजारचे जानराव तेव्हा म्हणाले होते, “चहाचा गुलाब म्हंजे? मंग उकळून पाजा ना भाऊ एक कप.” तेव्हापासून जातीचं नाव कोणी विचारलं नाही. तो रुक्मिणीबाईंचा गुलाब झाला.

त्याचा लौकिक दुहेरी होता. एवढा देखणा आणि एवढा सुगंधी गुलाब तालुक्यात नाही, असं लोक सांगत. आणि लगेच आवाज उतरवून पुढचं सांगत, की तो परक्या अंगणात जगत नाही. पावसात त्याच्या कळ्या न उमलता तपकिरी होऊन कुजत, पानांवर काळे ठिपके पडत, वैशाखाच्या झळीत पाकळ्या कागदासारख्या जळत. रुक्मिणीबाई हे सारं सोसून त्याला वागवीत. पण मागेल त्याला दिलेली फांदी महिनाभर हिरवी राही, आणि मग शेंड्याकडून काळी पडू लागे. रोज थोडी. वरून खाली. मातीला टेकेपर्यंत. स्टेशनमास्तरांच्या बंगल्यात असंच झालं, बँकेच्या आवारात असंच झालं. जाणते म्हणत, अशा गुलाबाची फांदी नुसती खोचून चालत नाही, डोळा भरावा लागतो. पण लोकांना जाणतेपणापेक्षा भय लवकर पटतं. बाई देते, झाड देत नाही, असं ते म्हणत. काहीजणी तर याहून वाईट बोलत.

कारण रुक्मिणीबाईंना मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले, दोनदा कूस रिती झाली. तिसऱ्यांदा देवानं विचारलंच नाही. पोटात मावलं नाही तेवढं प्रेम त्यांनी बाहेर वाटलं, आणि वाटण्याची रीत त्यांना त्या गुलाबानं दिली. माघ-फाल्गुनात दव सुकायच्या आत फुलं खुडायची. पाकळ्या सोडवायच्या, त्यांच्या तळचा पांढरा कडू भाग कात्रीनं काढायचा. काचेच्या बरणीत पाकळ्यांचा थर, खडीसाखरेचा थर, पुन्हा पाकळ्या. तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधायचा आणि गच्चीवर उन्हात ठेवायचं. चैत्र लागेतो पाकळ्या साखरेत विरघळून गुलकंद होई. त्यातली पहिली बरणी गल्लीतल्या पोटुशीची. देवाची दुसरी. कोणी विचारलं तर रुक्मिणीबाई म्हणत, “देव आधी गर्भात येते, मंग देवळात जाते.”

ही रीत सुरू झाली त्या वर्षी गल्लीत पोटुश्या दोन होत्या. एकीच्या सासूनं बरणी दारातूनच परत केली. वांझेच्या हातचं गोड नको, असं तिनं तोंडानं म्हटलं नाही, डोळ्यांनी म्हटलं. दुसरी होती जानरावांची कलाबाई. त्या काळी या दोन घरांमधल्या भिंतीवरून पाण्याचा तांब्यासुद्धा सहज जात नसे, आणि कलाबाईंना तो न जाण्याचा अनुभव जन्मापासूनचा होता. त्यांनी बरणी घेतली, तिथंच दादरा सोडला, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, “उद्या अजून आना. हे तं मी आजच संपवतो.” त्या कुशीतून धम्मरत्न आला. तो आता एसटीत कंडक्टर आहे, जळगाव जामोदच्या फेऱ्या करतो. त्याच्यानंतर गल्लीत जी मुलं जन्मली त्यांच्या आयांनी तो गुलकंद खाल्ला, आणि कुजबूज जमिनीखाली गेली. मेली नाही. रानगुलाबाच्या खुंटासारखी खाली वाट पाहत राहिली.

आणि या वर्षी पोटुशी होती धम्मरत्नाची बायको, मंजुश्री.

म्हणूनच माघात गुलाबावर फुलकिडे आले तेव्हा रुक्मिणीबाईंच्या जिवाला घोर लागला. डोळ्यांना नीट दिसूही नयेत असे ते किडे, पण कळी उमलायच्या आधीच तिच्या कडा तपकिरी करून टाकत. निंबोळ्यांचं पाणी झालं, राख झाली, पाण्याचे फवारे झाले. या झाडाला विषारी औषध कधी लागू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. तो इतका जुना की त्याचं कारण सांगायची कधी गरज पडली नव्हती. तेवढ्यात लोणारच्या भावाकडे लग्न निघालं. जावंच लागलं. निघताना त्यांनी करपलेल्या कळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “माह्या मंजूसाठी तरी राहा रे बाप्पा.” तिथं लोणारला दैत्यसूदनाच्या देवळात, गर्दीतून बाजूला होऊन, त्यांनी तेवढंच मागणं मागितलं. लग्नाला गेलेली बाई भाच्याच्या संसारासाठी काही मागायची विसरली आणि एका झाडासाठी मागून आली.

आता त्यांना जे ठाऊक नव्हतं, ते ऐका.

त्या निघाल्या त्याच सकाळी घरी राहिलेले भगवानराव भिंतीशी उभे राहून जानरावांना म्हणाले, “गुलाबाची हालत पाहून राह्यला ना? थे आली की रडते.”

“तं मारा ना काहीतरी.”

“तिले चालत नाई.”

“तिले चालत नाई, पन झाडाले चालते की नाई?” जानराव हसले. त्यांची गावाबाहेर कपाशी. औषधाचा उरलेला डबा गोठ्याच्या आढ्यावर, मेणकापडात बांधलेला. “आहे माह्याजवळ. दोन झाकनं टाकतो, पंप आनतो. वहिनी यायच्या आत वास उडून जाते.”

“सांगू नोको.”

“मी कायले सांगतो. तुम्हीच सांगान झोपेत.”

दोघे म्हातारे त्या सकाळी लहान पोरांसारखे चोरून गुलाबाशी गेले. एकानं पंप पाठीवर घेतला, एकानं फांद्या वर उचलून धरल्या. पानाच्या पाठीलाही लागलं पाहिजे म्हणून. प्रेमानं केलेलं काम होतं, आणि काळजीपूर्वक केलेलं. दुष्टाव्यानं केलेल्या कामात कुठे तरी कसूर राहते. प्रेमानं केलेल्या त्या कामात एक पान सुटलं नाही. नेमकं तिथंच सारं बिघडलं. कपाशीवर मारायचं ते औषध पानावर थांबणारं नव्हतं. ते आत शिरत होतं, रसाबरोबर चढत होतं, देठातून कळीत आणि कळीतून पाकळीत जात होतं. मंजुश्रीच्या वाट्याची एकेक पाकळी त्या रसावर वाढत होती.

रुक्मिणीबाई परतल्या. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि हातातली पिशवी खाली ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. एक कळी नाही जळलेली. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि ओठांतल्या ओठांत देवाला जे म्हटलं त्यानं त्यांच्या गालांवर पाणी आलं. भगवानराव ओसरीवरून पाहत होते. सांगायला तोंड उघडलं होतं त्यांनी. पण बायको देवाशी बोलत होती, आणि तिच्या देवाच्या आड आपलं झाकणभर औषध कसं आणावं? ते गप्प राहिले. एकदा गप्प राहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलणं दुप्पट जड होतं.

खुडणी झाली. पाकळ्या इतक्या जाड आणि निर्मळ होत्या की रुक्मिणीबाई एकेक उन्हाकडे धरून पाहत. बरण्या गच्चीवर गेल्या. दरवर्षी त्या पाण्यानं भरलेल्या परातीत बरण्या ठेवत, मुंग्या चढू नयेत म्हणून. यंदा परातीतलं पाणी उन्हानं आटलं, आणि मुंग्यांची रांग आली. पण वर चढलेली रांग खाली उतरली नाही. बरणीच्या कडेनं जिथं पाक ओघळला होता, तिथं काळी कडी तयार झाली, मेलेल्या मुंग्यांची. रुक्मिणीबाईंनी ती ओल्या फडक्यानं पुसून काढली. उन्हानं मेल्या असतील, असं मनाशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडी. पुन्हा पुसली. फडकं पिळताना बोटांना क्षणभर काही तरी खटकलं, खालून कोणी हाक मारली, आणि ते खटकणं तिथंच राहिलं.

चैत्र लागला तशी पहिली बरणी भिंत ओलांडून गेली.

मंजुश्री माहेरी मेहकरला जायची होती, पण ऊन भयंकर म्हणून डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हटलं होतं. ओसरीवर पाय सोडून बसली होती. बरणी पाहताच म्हणाली, “काकू, मी वाटच पाहून राह्यली होती. छातीत इतकं जळजळ करते ना.”

“सकाळी दुधासंगं एक चमचा. जास्त नाई.”

“अन् मी दोन खाल्ले तं?”

“तं पोर गुलाबी होईन, मंग मले नको विचारू कोनावर गेलं.”

कलाबाई आतून म्हणाल्या, “गुलाबी झालं तं झालं. आमच्या घरात सगळे भाजलेल्या वांग्यावानी, एक तरी उजळ येऊ द्या.” तिघी हसल्या. जानराव अंगणात बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ दुरुस्त करत होते. ते हसले नाहीत. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग घुंगराची तार पुन्हा ओवू लागले. मनात काही तरी वर येऊ पाहत होतं, पण त्याला शब्द सापडत नव्हता. सापडला असता तर ही गोष्ट तिथंच थांबली असती.

आठवडा गेला नसेल. रुक्मिणीबाईंनी उरलेल्या बरण्या खाली आणल्या, देवळाची बरणी भरायला घेतली, आणि चहा पिता पिता सहज म्हणाल्या, “यंदा मुंग्याच नाई वाचल्या हो. बरनीले लागली की मेली. गोड त्याईले सोसलं नाई वाटते.”

भगवानरावांच्या हातातली बशी तशीच राहिली.

“काय झालं?”

“मुंग्या मेल्या म्हनते तू?”

“हाव. रोज पुसत होती मी. काऊन?”

ते उठले, बरणीशी गेले, बरणीला हात लावला नाही. मग तिथंच जमिनीवर बसले आणि सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. दोन झाकणं, पंप, पानाची पाठ. रुक्मिणीबाई ऐकत होत्या. ऐकून झालं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मी देवाले हात जोडत होती. अन् तुम्ही पाहून राह्यले होते.” मग चहा चुलीशी ठेवून अनवाणी बाहेर धावल्या. त्या बाईला कोणी धावताना पाहिलं नव्हतं.

कलाबाई दारातच भेटल्या, हातात ओला पंचा. “तुमाले बलावतच होती. कालपासून पोरगी घामानं निथळून राह्यली. तोंडाले पानी सुटते, उलटी होते. ऊन बाधलं म्हनून कांदा देला नाकाशी.” रुक्मिणीबाई आत गेल्या. मंजुश्री भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पिठासारखा. शेजारी बरणी. बरणी अर्ध्यावर आली होती.

“दोन दोन खाल्ले मी काकू,” ती ओशाळून म्हणाली. “गोड लागलं म्हनून.”

रुक्मिणीबाईंनी बरणी उचलली, छातीशी धरली आणि जानरावांकडे वळल्या. “भाऊजी, डबा आना. कपाशीचा. जो मारला होता थो.”

आता जानरावांना शब्द सापडला. एखादं घर आतून कोसळावं तसा तो माणूस उभ्या जागी कोसळला, पण पाय मात्र चालत राहिले. गोठ्यात गेले, आढ्यावरून डबा काढला, मेणकापड सोडलं. वरचा कागद निम्मा गळून गेला होता. नाव वाचता येत नव्हतं. जहाल विषाची खूण असलेला लाल त्रिकोण तेवढा शाबूत होता.

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी तो त्रिकोण पाहिला आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. मंजुश्रीच्या डोळ्यांवर बॅटरी धरली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता. सुई दिली आणि म्हणाल्या, खामगावला न्या, वाटेत थांबू नका. गाडीत पुढे जानराव, मागे दोघी बायांच्या मध्ये मंजुश्री. दोन्ही बाजूंना उन्हानं पांढरी पडलेली वावरं, कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. कलाबाईंचा हात सुनेच्या पोटावर होता. रुक्मिणीबाईंचाही हात उठला होता, मग तो परत आला आणि त्यांच्याच मांडीवर पडून राहिला.

दवाखान्याच्या बाकावर दुपार सरली, संध्याकाळ उतरू लागली. धम्मरत्न फेरी अर्धी टाकून खाकी कपड्यांतच आला, काचेतून आत पाहून बाहेर पायरीवर जाऊन बसला. जानराव त्याच्यापासून दूर उभे. मध्येच ते रुक्मिणीबाईंपाशी आले, बसले नाहीत.

“वहिनी, मी जल्मभर कपाशीले मारलं. मारलं, पाऊस आला, धुऊन गेलं. कापूस कोनी खात नाई ना.” त्यांनी पायरीवर बसलेल्या धम्मरत्नाकडे पाहिलं. “खायचं असते, हे ध्यानातच नाई आलं. तीस वरसं झाले, तुमचा गुलकंद मी खातो. तरी ध्यानात नाई आलं.”

रुक्मिणीबाईंपाशी त्यांना द्यायला काही नव्हतं. रागही नव्हता. शिव्या द्याव्यात असा शत्रू तिथं कोणी नव्हता. होती ती सगळी आपली माणसं, आणि प्रत्येकाच्या हाताला तो पाक लागला होता.

मग कलाबाई बोलल्या. भिंतीकडे पाहत.

“धम्माच्या वक्ताले लोक काय म्हनत होते, तुमाले मालूम आहे.”

“हाव.”

“मी कोनाचं आयकलं नोतं.”

“हाव, बाई.”

त्यापुढे कलाबाई काही बोलल्या नाहीत. आणि त्या न बोललेल्या जागेत, जमिनीखाली गेलेली ती जुनी कुजबूज मुळांसकट वर आली, असं रुक्मिणीबाईंना वाटलं. आयुष्यभर ज्या एका घरानं तिला खोटं ठरवलं, त्याच घरात ती आज खरी होऊ पाहत होती. त्यांनी देवाला हाक मारायला डोळे मिटले, आणि हाक निघेना. परवा-परवा हेच डोळे मिटून त्यांनी कशाचे आभार मानले होते, ते आठवलं. पण ज्याच्या नावावर आयुष्य काढलं, त्याच्याशी अबोला तरी किती वेळ धरणार? शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, देवा, माझ्या पदरी जे लिहिलं असेल ते लिही, त्या पोरीच्या पदरी लिहू नकोस.

रात्र पडायच्या आत डॉक्टर बाहेर आले. थोडं थोडं खाल्लं गेलं म्हणून बचावली, म्हणाले. बाळाचे ठोके आहेत. आज आहेत, पुढचं बाळ आल्यावर कळेल.

आज आहेत. हे दोन शब्द घेऊन रुक्मिणीबाई घरी आल्या आणि त्यांच्यावर जगू लागल्या. बरण्या नाल्यात ओतायला भगवानराव निघाले तेव्हा त्यांनी अडवलं. खाली गुरं पाणी पितात. परसात जानरावांनी कंबरभर खड्डा खणला, त्यात सगळा गुलकंद काचेसकट गाडला. मग जानरावांनी कुदळ गुलाबाकडे वळवली. “राहू द्या,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “त्यानं काय केलं? आपन जे पाजलं थे प्यालं बिचारं.” पण त्यानंतर ते झाड कळी धरी की रुक्मिणीबाई ती खुडत, उमलू देत नसत, आणि तीही त्याच खड्ड्याच्या मातीत दाबत. देवाला वाहत नसत. गल्लीत वास येईनासा झाला. कुंपणाशी आता लोक थांबत नव्हते, आणि थांबत नाहीत हे दोन्हीकडच्यांना कळत होतं. देवळात त्या बसत तेव्हा त्यांच्या आजूबाजूला थोडी जागा रिकामी राही. पुजाऱ्याच्या बायकोनं एकदा त्यांच्या हातचं केळ घेतलं आणि खांबाआड ठेवून दिलं. रुक्मिणीबाईंनी ते पाहिलं आणि टाळ्या वाजवत राहिल्या, आरती चुकू दिली नाही.

रोज सकाळी त्या भिंतीशी उभ्या राहत. विचारत काही नसत. मंजुश्री ओसरीवर येई आणि पोटावर हात ठेवून मान हलवी. हललं, असं. ज्या दिवशी तिला यायला उशीर होई, त्या दिवशी रुक्मिणीबाईंच्या घरात चूल पेटत नसे.

ज्येष्ठात मुलगी झाली. वजनानं थोडी कमी, रडायला थोडा उशीर लागलेली, पण रडली. कलाबाईंनी निरोप धाडला नाही. मंजुश्रीनं भिंतीवरूनच दाखवली. रुक्मिणीबाईंनी दुरून पाहिली. पोर झोपेत दचकली तर त्यांचा श्वास अडके, पोरीनं दूध टाकलं तर त्यांना घास जात नसे. बाळं दचकतात, बाळं दूध टाकतात, हे त्यांना गल्लीतल्या सगळ्यांहून अधिक ठाऊक होतं. ते ठाऊक असणं आता कामाला येत नव्हतं.

आणि मार्गशीर्षात, पोरीचं उष्टावण ठरलं तेव्हा, कलाबाई स्वतः आल्या. कितीतरी दिवसांनी त्या या ओसरीवर टेकत होत्या. इकडचं तिकडचं बोलल्या, उठल्या, आणि दारात थांबून म्हणाल्या, “खीर तुमच्या घरून येऊ द्या.”

रुक्मिणीबाई ओसरीवरचा पाट उचलून भिंतीला लावू लागल्या.

“आयकलं का?”

“बाई, नोको. मी नाई करत. दुसऱ्या कोनाकडून...”

“लोकाईचं मी तेव्हा नाई आयकलं,” कलाबाई म्हणाल्या. “मधात आयकलं, थे माह्यं चुकलं. आता तुमचं बी नाई आयकत.”

त्या दिवशी रुक्मिणीबाईंनी तांदूळ पुन्हा पुन्हा धुतले. दूध दाराशी काढून घेतलं, भांडी चिंच लावून घासली, साखरेचा दाणा जिभेवर धरून पाहिला. खीर झाली तशी वाटीभर आधी स्वतः खाल्ली आणि देवापुढे बसून राहिल्या. पोटात कळ येते का, हाताला घाम येतो का, तोंडाला पाणी सुटतं का. काही झालं नाही. मग पातेल्यावर झाकण ठेवून त्या भिंतीपलीकडे गेल्या.

जानरावांच्या ओसरीवर गल्ली जमली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मेणबत्ती, आणि पाटावर मंजुश्रीच्या मांडीत ती पोर, डोळे मोठाले करून माणसं पाहत. पहिला चमचा रुक्मिणीबाईंनीच द्यायचा होता. त्यांनी चमचा भरला, सगळ्यांदेखत आपल्या तोंडात घातला, गिळला. आणि थांबल्या.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. वाटीतल्या खिरीवर साय धरू लागली.

“काकू,” मंजुश्री हळूच म्हणाली, “अजून किती वेळ?”

“थोडं थांब, माय.”

“थंडं होऊन राह्यलं थे.”

“होऊ दे. थोडं थांब.”

पोरीला एवढं थांबणं मान्य नव्हतं. तिनं वाटीकडे झेप घेतली, हात आपटले, आणि रडायला तोंड पसरलं. मंजुश्रीनं मग विचारलं नाही. तिनं रुक्मिणीबाईंचं मनगट धरलं. तसंच धरून तिनं चमचा वाटीत बुडवला, उचलला आणि पोरीच्या उघड्या तोंडात टेकवला. पोरीनं नाक मुरडलं, जीभ बाहेर काढली, ओठांवरचं चाखलं. मग पुन्हा तोंड उघडलं. ओसरीवर हसू पसरलं. जानराव भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. भगवानरावांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मंजुश्रीनं मनगट सोडलं. रुक्मिणीबाईंनी दुसरा चमचा भरला, आणि तोही आधी स्वतः चाखला.